उशीची खालची कड

मी नकाशे काढते. लोक म्हणतात, आता नकाशे कोण काढतं, सगळं फोनमध्ये असतं. फोनमध्ये ते आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. असो. आमच्या संस्थेत नकाशांची खोली तळमजल्यावर आहे. तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीतून डोंगर दिसतो तो कमरेपर्यंत. माथा बघायचा तर टेबलावर गाल टेकून तिरकं बघावं लागतं. तेवीस वर्षं मी तिथं बसते, त्यामुळे हा डोंगर मला कागदावरच जास्त ओळखीचा आहे.

त्या वर्षी आम्ही डोंगराचा मोठा नकाशासंग्रह छापायला घेतला होता. प्रत्येक झाडाच्या, पाखराच्या, फुलपाखराच्या दोन रेषा. तीस वर्षांपूर्वी ते कुठपासून वर सापडायचं ती निळी, आणि आता कुठपासून सापडतं ती तांबडी. हवा तापत चालली की ज्यांना गारवा लागतो ते वर सरकतात. तळमजल्यात पाणी शिरलं की माणसं जिना चढतात, तसंच. पाखरं उडून जातात. झाडांना पाय नसतात, पण खालची मरतात आणि वर पडलेलं बी रुजतं, म्हणजे हिशेब तोच. माझ्या टेबलावर एकामागून एक कागद येत होते आणि तांबडी रेषा कुठं ऐंशी, कुठं दीडशे मीटर वर चढलेली दिसत होती. खालची काटेरी झुडपं तर शेजाऱ्याच्या अंगणात घुसावं तशी गवताच्या पट्ट्यात घुसली होती.

एकाच कागदावर तांबडी रेषा निळीवर बरोबर बसत होती. तो कागद होता उशीचा, आणि उशीच्या नोंदी माझ्या बाबांच्या होत्या.

उशीला लांबलचक शास्त्रीय नाव आहे, ते मी कागदावर लिहिते आणि तोंडानं कधी म्हणत नाही. उंचावरच्या उघड्या खडकांवर ती वाढते, हाताच्या तळव्याएवढी, जुनी असली तर ताटाएवढी. हिरवीगार, घट्ट, गोल. उन्हाळ्यात तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं येतात. बाबांनीच तिला उशी म्हणायला सुरुवात केली आणि मग संस्थेतले सगळे तेच म्हणायला लागले.

बाबा घड्याळजी. बाजारपेठेत जिन्याखाली त्यांचं दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. एका डोळ्याला भिंग लावून ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळात डोकावत बसले. संस्थेची मोजमापाची यंत्रंही दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायची. त्यातूनच तेव्हाच्या मोठ्या साहेबांशी ओळख झाली. साहेब आता हयात नाहीत. त्यांनी बाबांना विचारलं, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढाल का, वर एक वनस्पती आहे, तिची खालची कड कुठं आहे तेवढं दर महिन्याला लिहून आणायचं. बाबांनी लगेच हो म्हटलं. साहेबांनी त्यांना एक उंचीमापक दिलं. गोल, पितळी, काट्याचं; बाबा त्याला उंचीचं घड्याळ म्हणायचे. पंचवीस वर्षं हा माणूस दर महिन्याला वर गेला. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा थांबला. वह्या मीच संस्थेत आणून दिल्या होत्या, अकरा वह्या, कोरी खाकी कव्हरं घालून. मोठ्या तोऱ्यात आणून दिल्या होत्या, हेही सांगून टाकते.

आमच्या मॅडम विभागप्रमुख आहेत. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कामाला वाघ, आणि बोलायला सुरी. त्या दिवशी त्या स्वतः खाली नकाशांच्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं, तेव्हाच मला समजलं की काहीतरी बिनसलंय.

“ताई, वाईट वाटून घेऊ नका,” त्या म्हणाल्या. असं म्हटलं की पुढचं वाईटच असतं. “तुमच्या वडिलांच्या वह्या मी पूर्ण वाचल्या. पंचवीस वर्षांत उशीची खालची कड एकवीसशे चाळीस मीटर. दर महिन्याला. एकदाही एकवीसशे एकेचाळीस नाही.”

“म्हणजे ती हलली नाही.”

“ताई, सगळं हललंय. गवत हललं, किडे हलले. आणि समजा नसेल हललं, तरी मोजणाऱ्याचा हात दोन-चार मीटर इकडेतिकडे होतोच. इतके सारखे आकडे डोंगरावर येत नाहीत. घरी बसून येतात.”

माझं डोकं असं फिरलं की पट्टी हातात होती ती मी टेबलावर आपटली. पण भांडले मात्र नाही. कारण मी नकाशे काढते. तेवीस वर्षं माणसांनी मोजलेले आकडे बघतेय, आणि मॅडम बोलत होत्या ते खरं होतं. इतके सारखे आकडे मीसुद्धा कधी पाहिले नव्हते.

“शुक्रवारी पानं छपाईला जातात,” त्या म्हणाल्या. “तोपर्यंत समाधानकारक काही मिळालं नाही, तर उशीचा कागद काढावा लागेल. आणि वह्यांवर ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारून त्या बाजूला ठेवाव्या लागतील. मला आवडत नाहीये हे.”

तो सोमवार होता.

संध्याकाळी मी सरळ दुकानात गेले. घरी आईसमोर विचारायचं नव्हतं. बाबा एका बाईचं मनगटी घड्याळ उघडून बसले होते. चिमट्यात धरलेलं चक्र श्वासानं उडेल इतकं बारीक होतं. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी बोलले.

“बाबा, तुम्ही दर महिन्याला वर जात होता ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे उशीपर्यंत. की अर्ध्यातून परत यायचा कधीकधी?”

त्यांनी चक्र खाली ठेवलं. भिंग काढलं. भिंगाची खूण डोळ्याभोवती गोल उमटलेली असते त्यांच्या, ती तशीच होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, आणि मग परत भिंग लावलं.

“वही वाच,” ते म्हणाले.

“वाचलीय. सगळ्यांनी वाचलीय. तिथं एकच आकडा आहे, म्हणून तर विचारतेय. त्यांना वाटतंय की तुम्ही घरी बसून लिहिलंत.”

“तुला काय वाटतं?”

मी उत्तर दिलं नाही. दोन सेकंद असतील. पण जो माणूस सेकंदांवर पोट भरतो त्याला दोन सेकंद पुरतात. ते परत घड्याळात वाकले, ते दुकान बंद करेपर्यंत. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. मला माझीच लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर संशयही गेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

घरी गेल्यावर आईनं आमच्या दोघांची तोंडं बघितली आणि काही न विचारता भांडी आपटायला घेतली. बाबा न जेवताच उठले. मी वह्या संस्थेतून परत आणल्या होत्या, त्या घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.

ह्या वह्या मी कितीदा चाळल्या असतील, पण आकड्यांपुरत्या. आता ओळ न ओळ वाचली. तारीख. स्टेशनवरून निघण्याची वेळ. हवा कशी होती. वाटेत काय दिसलं. उशीला फुलं किती, कळ्या किती, कुठल्या उशीचं अंग एका बाजूनं वाळलंय. एका पानावर पावसाचे थेंब पडून शाई फुटली होती. एका पानात एक चपटी मुंगी होती. घरी बसून कुणी मुंगी लावत नाही.

आणि मग समास. पानाच्या डाव्या कडेला, तांबड्या रेघेच्या बाहेर, अगदी बारीक अक्षरात काहीतरी होतं: ‘पुढे ९’, ‘मागे १४’, ‘पुढे ६’. हे मी आधीही बघितलं होतं. दुकानाच्या नोंदवहीत ते असंच लिहितात, कुणाचं घड्याळ किती पुढे, कुणाचं किती मागे. मला वाटलं होतं, गिऱ्हाइकांचं काहीतरी आठवणीसाठी टिपलं असेल. पण दर नोंदीपाशी? अकराही वह्यांत?

बाबा झोपले नव्हते, मी दाराशी गेले.

“बाबा, हे ‘पुढे नऊ’ म्हणजे काय?”

पाठ माझ्याकडे होती. ते तसेच म्हणाले, “ते बघू नकोस. ते घड्याळ बिघडलंय.”

“कुठलं घड्याळ?”

“उंचीचं. मी चार वेळा उघडलं. हवेच्या दाबाची डबी बदलली, स्प्रिंग बदलली, एकेक दात साफ केला. अख्ख्या गावाची घड्याळं मी नीट करतो आणि हे एक मला जमलं नाही. साहेबांना काय सांगणार? म्हणून कडेला लिहीत गेलो.”

ते उठून बसले. मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, पहिल्यापासून सांगा. सकाळी काय करायचा, वर काय करायचा.

त्यांनी सांगितलं ते असं. ते उंचीमापक हवेच्या दाबावर चालतं. हवा बदलली की जागच्या जागी काटा वीस-तीस मीटर हलतो. म्हणून ते आधी ठाऊक असलेल्या उंचीवर लावून घ्यावं लागतं. बाबा सकाळी रेल्वे स्टेशनवर जायचे. फलाटाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे, सहाशे वीस मीटर. तिथं काटा लावायचे. मग शेवटच्या थांब्यापर्यंत बस, आणि पुढं पायी.

“चार तासांत हवा परत बदलते. मग वर पोचलो की पुन्हा लावायचं.”

“वर कशावर लावायचा?”

“उशीवर.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“अगं, साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, उशी एकवीसशे चाळीसला सुरू होते. त्यांनी दोरी लावून, दुर्बीण लावून मोजलं होतं. मग पहिली उशी दिसली की काटा बघायचा. एकवीसशे एकोणपन्नास दाखवत असला तर म्हणजे घड्याळ नऊ पुढे आहे. तो मागे घेऊन चाळीसवर आणायचा. आणि मग लिहायचं.”

“काय लिहायचं?”

“एकवीसशे चाळीस.”

मी हसले. मला आवरेना. पंचवीस वर्षं हा माणूस महिन्याला एकदा डोंगर चढून जिची उंची मोजायची तिच्यावरूनच यंत्र लावत होता, आणि मग त्या लावलेल्या यंत्रावर तिची उंची वाचत होता. जगात दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. ही चूक करायला घड्याळजीच लागतो. घड्याळजीच्या लेखी हातातलं यंत्र नेहमी चुकीचंच असतं, आणि कुठंतरी काहीतरी एक बरोबर असतं, ज्यावरून ते लावायचं. बाबांच्या दृष्टीनं बरोबर होती ती उशी.

“हसायला काय झालं?” ते दुखावून म्हणाले.

मी हसायची थांबले, कारण माझी बोटं तोवर वही उलटत होती. पहिल्या तीन वह्यांत पुढे नऊ, मागे चौदा, पुढे सहा, मागे अकरा. हवेचा खेळ, कधी इकडे कधी तिकडे. पाचव्या वहीत ‘मागे’ क्वचितच होतं. सहावीत नव्हतंच. पुढे एकतीस. पुढे अठ्ठावन्न. पुढे चाळीस. नवव्या वहीत पुढे ब्याऐंशी, पुढे नव्वद. शेवटच्या वहीचं शेवटचं पान काढलं. पुढे एकशे सतरा.

“बाबा,” मी म्हटलं, “घड्याळ बिघडलेलं नाही.”

त्यांना तेव्हा कळलं नाही. मीही समजावत बसले नाही, आधी खात्री हवी होती. सकाळी आठ वाजता मी मॅडमच्या दाराशी उभी होते. अकरा वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, मधलं काही वाचू नका, फक्त समास वाचा.

त्यांनी ते दोन दिवस केलं. हवामान कार्यालयातून पंचवीस वर्षांचा तासातासाचा हवेचा दाब मागवला, प्रत्येक तारखेला हवेमुळे काटा किती हलला असेल ते काढलं आणि बाबांच्या ‘पुढे’मधून वजा केलं. जे उरलं ते ठिपक्यांनी मांडलं. गुरुवारी दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. पडद्यावर ठिपके होते, तीनशेच्या आसपास, आणि ते डावीकडून उजवीकडे असे चढत गेले होते की मला पट्टी लावून रेघ मारावीशी वाटली.

“ह्या डोंगरावर कुणाकडेच अशी नोंद नाही,” मॅडम म्हणाल्या. “आमच्याकडे प्रत्येक वनस्पतीच्या दोन मोजण्या आहेत, तेव्हाची आणि आताची. मधलं सगळं कोरं. ह्यांनी महिन्यामहिन्याचं लिहून ठेवलंय. आणि स्वतःला माहीत नसताना लिहिलंय, म्हणजे मनासारखा आकडा यावा असं वाटण्याचाही प्रश्न नाही.” त्या खुर्चीतून उठल्या. “ताई, मी जे बोलले त्याबद्दल मला त्यांची माफी मागायची आहे.”

मी त्यांचं पुढचं ऐकायला थांबले नाही. पन्नाशीची बाई मी, जिना धडाधड उतरले आणि बाजारपेठेतून अशी पळाले की ओळखीच्या माणसांनी विचारलं, काय झालं, घरी सगळं ठीक ना? आई दुकानात डबा घेऊन आली होती. मी दोघांसमोर उभी राहून एका दमात सांगितलं. घड्याळ बरोबर होतं. स्प्रिंग बरोबर होती. वह्या बरोबर आहेत, नकाशासंग्रहात उशीचं पान तर येणारच, पण बाबांच्या नोंदींवर वेगळी चार पानं येणार, मॅडम स्वतः माफी मागायला येणार. परीक्षेचा निकाल सांगावा तसं मी सांगत होते. मला एवढंच दिसत होतं की माझे बाबा खोटे ठरले नाहीत.

बाबांना माझ्याआधी कळलं.

“म्हणजे उशी वर गेली,” ते म्हणाले.

“हो!”

“एकशे सतरा मीटर.”

“हवेचं वजा करून एकशे दहा म्हणतात. पण हो.”

“आणि दर महिन्याला मी तिला खाली ओढून परत एकवीसशे चाळीसवर बसवत होतो.” त्यांनी भिंग हातात घेतलं आणि ते उगाचच पुसायला लागले. “मला वाटायचं, चला, बाकी सगळं बदलतंय, निदान ही तरी जागच्या जागी आहे. तेवढं तरी कुणीतरी लिहून ठेवावं.”

आई मध्येच म्हणाली, “थांबा. म्हणजे दर वर्षी तुम्हाला आधीपेक्षा जास्त चढावं लागत होतं?”

बाबा भिंग पुसतच राहिले.

“आणि मी इकडे गुडघ्यांना तेल चोळून चोळून माझे हात झिजवले,” आई म्हणाली. “हे म्हणायचे, अगं पूर्वी बाराला पोचायचो, आता एक वाजतो. मी म्हणायची, वय झालं, बसा आता घरी. परतीची बस चुकायला लागली तेव्हा मीच भांडून बंद केलं ह्यांचं जाणं.” तिनं डबा उघडायचा सोडून तसाच धरून ठेवला होता. “अहो, तुम्ही मला एकदा तरी म्हणायचं, मी दमलो नाही, वाट लांबलीय.”

“मला तरी कुठं माहीत होतं?” बाबा म्हणाले.

हे मला फार लागलं, आणि अजून लागतं. स्वतःच्या हातच्या यंत्रावर त्यांनी अविश्वास दाखवला, स्वतःच्या कारागिरीवर दाखवला, पायांवर दाखवला. दुकान सोडून जे काही प्रेमानं करत होते ते सोडून दिलं आणि म्हातारा झालो म्हणून बसून राहिले. एका उशीवर मात्र शंका घेतली नाही. आणि मी त्यांची सख्खी मुलगी, मी दोन सेकंद गप्प राहिले होते. त्याबद्दल मी तिथंच दुकानात, आईदेखत, त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “अगं, जाऊ दे. आकडे बघून कुणालाही तेच वाटलं असतं.” पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

“डोंगर केवढा आहे?” त्यांनी विचारलं.

मला तो आकडा झोपेतही सांगता येतो. “तेवीसशे दहा.”

त्यांनी मनात वजाबाकी केली. मी त्यांच्या चेहऱ्यावर ती होताना बघितली. धावत येताना, जिन्यावर, पडद्यासमोर, मी कुठंच ती केली नव्हती. तीन वर्षांपूर्वी माथ्यापर्यंत साठ मीटर उरले होते. आता त्याहूनही कमी.

“मला वर जायचंय,” बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. आईनं ह्या वेळी भांडण काढलं नाही. मॅडमनी संस्थेची गाडी दिली, ती मोबाइलच्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यानं दोन हजार मीटरपर्यंत चढते. तिथून पुढं आम्ही दोघं. माझ्याकडे जीपीएस होतं. बाबांनी काठी घेतली होती आणि दर शंभर पावलांवर बसत होते. गुडघे खरोखरच दुखत होते, ते काही सगळं डोंगराचंच खापर नव्हतं.

माझं यंत्र एकवीसशे चाळीस दाखवायला लागलं तेव्हा आम्ही कमरेएवढ्या काटेरी झुडपांत होतो. बाबांनी काठीनं झुडपं बाजूला केली. आत मधोमध चिरलेला एक मोठा खडक होता.

“हा तो,” ते म्हणाले. “साहेबांनी मला पहिली उशी दाखवली ती ह्या खडकापाशी. पुढच्या वर्षी ती वाळली. मी म्हटलं, एखादी वाळायचीच. चार पावलांवर दुसरी होती. मग तीही. चार-चार पावलांनी माणसाला काय कळणार?” त्यांनी खडकाच्या फटीत बोटं घालून बघितली. तिथं कोरडी माती होती.

त्यापुढं झुडपं विरळ झाली, मग गवत लागलं, मग उघडे खडक. पहिली उशी त्यांनाच दिसली, मला नाही. बशीएवढी होती, एका बाजूनं तपकिरी पडलेली, उरलेल्या अर्ध्या अंगावर पाच-सहा फुलं. बाबा तिच्याशेजारी दगडावर बसले आणि मी आकडा वाचला. दोन हजार दोनशे एकाहत्तर. त्यांनी वही काढली, नवी, बारावी, आणि लिहिला. समासात काही लिहिलं नाही.

मी वर बघितलं. कागदावर मी ह्या डोंगराचा माथा कितीदा तरी काढला असेल. आता तो समोर होता, दहा-बारा मजली इमारतीच्या गच्चीकडे बघावं इतक्या जवळ. त्याच्यावर फक्त आभाळ होतं. हा डोंगर ह्या बाजूला एकटा आहे, शेजारचा उंच डोंगर दोन दिवसांच्या वाटेवर, आणि मधे सगळा तापलेला सखल प्रदेश. उशीचं बी वाऱ्यानं हातभर जातं.

“खाली जायचं का?” मी विचारलं. “तुम्ही दमलात.”

“थांब जरा.” त्यांनी वहीचं पान उलटलं. “साहेबांनी मला फक्त खालची कड लिहायला सांगितली होती, माहीत आहे? मी विचारलं होतं तेव्हा, साहेब, मोजू पण का, वर किती आहेत ते? ते हसले होते. म्हणाले, वेडे आहात का, वरपर्यंत हजारो हजार आहेत, आठ माणसांना आठवडा पुरणार नाही. तुम्ही आपली कड बघा.” ते काठीवर भार देऊन उठले. “तू डावीकडून घे. मी उजवीकडून घेतो. वाळलेल्या धरायच्या नाहीत.”

आम्ही मोजायला लागलो. मी वाकून, ते मधून मधून बसून. मोठ्यानं आकडे म्हणत होतो, म्हणजे एकमेकांच्या मोजणीत गोंधळ होऊ नये. माथ्यावरच्या दगडापाशी आम्ही समोरासमोर आलो. त्यांच्या एकशे त्र्याण्णव होत्या, माझ्या दोनशे सहा. त्यांनी बेरीज करून लिहिली, खाली तारीख घातली, आणि मनगटावरचं घड्याळ बघून वेळही घातली. दुपारचे पावणेदोन वाजले होते. सगळ्या मोजायला आम्हा दोघांना दीड तासही लागला नव्हता.